बायकांच्या वॉर्डात शिकलेलं काम

आमच्या नगरकडच्या देवळालीतल्या ज्या सरांनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं, त्यांच्या मिसेस माझ्याकडे भुवया कोरायला येतात. सरांचा आग्रह असा की पार्लरमधल्या गमतीजमती लिहाव्यात, हलकंफुलकं काहीतरी. गमती पुष्कळ आहेत. एका बाईला नवऱ्यानं लग्नाच्या वाढदिवसाला फेशियल करायला आणून सोडलं आणि स्वतः बाहेर मोटारसायकलवर बसून सारखा दार वाजवून विचारत राहिला, झालं का, झालं का. एक आजी दर महिन्याला केस रंगवून घेतात आणि जाताना बजावतात की सुनेला सांगू नकोस, तिला वाटतं माझे मुळातच काळे आहेत. ती सून दुसऱ्या आठवड्यात येते आणि सांगते, आजींना कळू देऊ नका मला माहीत आहे ते.

पण धंद्याबद्दल लिहायचं तर हे काम मी कुठं शिकले ते आधी सांगायला हवं. भिंतीवर नगरच्या क्लासचं प्रमाणपत्र लावलंय, ते खरं आहे. पण माझा हात दोऱ्यावर पहिल्यांदा बसला तो क्लासच्या आधी, नगरबाहेरच्या एका मानसिक रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात. मी तिथं पेशंट होते. गावात हे माहीत नाही असं माणूस विरळा. माझ्या तोंडावर मात्र कुणी कधी बोललेलं नाही, आणि मीही बोलले नाही. हे लिहितानासुद्धा दोनदा उठून पाणी पिऊन आलेय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भुवई कोरायला साधा सुती दोरा लागतो. एक टोक दातात धरायचं, मधे पीळ द्यायचा आणि बोटांनी तो पीळ कात्रीसारखा उघडमीट करत केसावरून सरकवायचा. केस मुळासकट निघतो. ज्या बाईची भुवई आहे तिनं डोळे मिटून, एक बोट भुवईच्या वर आणि एक पापणीवर ठेवून कातडी ताणून धरायची. चेहरा हलू नये म्हणून तिनं बोलायचं नसतं आणि माझ्या दातात दोरा, म्हणून मलाही बोलता येत नाही. डोळ्यांतून पाणी येतं. ते रडणं नसतं, पण त्या पाण्याच्या आडोशानं रडून घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

त्या वर्षी मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. नेवाशाजवळच्या एका गावात माझं लग्न जमलं होतं, साखरपुडाही झाला होता. आजार सुरू झाला तेव्हा तो आजार वाटलाच नाही. उलट इतकं छान मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. झोप लागेना, पण थकवाही येईना. मी घरातली सगळी भांडी काढून घासली, परसातली भिंत एकटीनं रंगवली, कुणीही भेटलं की तासभर बोलायचे. आईला वाटलं, लग्नाचा आनंद आहे. तिनं कौतुकानं शेजारीपाजारी सांगितलं.

एका दुपारी मी कुणाला न सांगता एसटीत बसले आणि होणाऱ्या सासरच्या घरी जाऊन धडकले. होणाऱ्या सासूबाई, त्यांना मी हिराकाकू म्हणते, अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. मी त्यांना मिठी मारली आणि राहायला आलेय म्हणून सांगितलं. त्या गोंधळल्या, पण चहा टाकला. चहा होईपर्यंत मी त्यांना ऐकवलं की तुमच्या घराला कुबट वास येतो, आणि बादलीनं अंगणात पाणी ओतायला लागले. निवडलेले गहू वाहून गेले. शेजारची माणसं जमली. मग मी आत जाऊन देव्हाऱ्यातले देव उचलून आणले आणि जमलेल्या पोरांना एकेक वाटून टाकला. होणारे सासरे ओसरीवर उभे होते. त्यांच्यासमोर, डोक्यावर पदर नाही की ओढणी धड नाही, अशा अवतारात मी त्यांच्या थोरल्या मुलाला, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, विचारलं की तुला मुका घेता येतो का, नसेल तर मी शिकवते.

हे वाक्य मी आजवर कुणाजवळ उच्चारलं नव्हतं.

कुणीतरी फोन केला आणि तासाभरात अण्णा, म्हणजे माझे वडील, चुलत्यांना घेऊन जीपनं आले. त्यांनी त्या भरल्या अंगणात डोक्यावरची टोपी काढून व्याह्यांच्या पायावर ठेवली. ओल्या मातीत वाकलेले अण्णा, त्यांचं टक्कल, आणि पायापाशी ती पांढरी टोपी. मला ते भारी गमतीचं वाटलं. मी हसले. नुसती हसले नाही, पोट धरून हसले, आणि पोरांनाही म्हणाले, हसा रे.

लोक समजतात की अशा आजारात केलेलं माणसाला आठवत नसेल. मला सगळं आठवतं. त्या दिवशी अण्णांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, हेसुद्धा.

तिथून जीप थेट नगरला गेली. पहिल्या दिवशी मी आवरेनाशी झाले तेव्हा मला कॉटला बांधलं आणि इंजेक्शन दिलं. पुढचे काही दिवस झोप, कोरडं पडलेलं तोंड आणि पुन्हा झोप. वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. लोखंडी कॉट, उंचावर खिडक्या. बाथरूमला आतून कडी नव्हती, आंघोळीला गेलं की आया दार अर्धं लोटून बाहेर उभी राहायची. ओढणी काढून घेतली होती, सलवारीची नाडी काढून इलॅस्टिक घातलं होतं. आरसा कुठंच नव्हता. लांबून लष्कराच्या सरावाचे दणके ऐकू येत. एका बाईला प्रत्येक दणक्याला वाटायचं की दार वाजलं. ती मोठ्या अगत्यानं म्हणायची, या, आत या.

गोळ्या लागू पडायला लागल्या आणि मला लाज वाटायला लागली. एका सकाळी जाग आली तेव्हा आधी डोळ्यांसमोर टोपी आली, मग बाकीचं सगळं ओळीनं आलं. मी चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि दिवसचे दिवस काढली नाही. जेवणसुद्धा चादरीच्या आत. डॉक्टर म्हणाले, लाज वाटतेय हे बरं होण्याचं लक्षण आहे. मला ते लक्षण नको होतं. मला पुन्हा तसंच छान वाटायला हवं होतं.

आई दर आठवड्याला एसटीनं यायची. गावात तिनं सांगितलं होतं की मी मामाकडे सुरतेला आहे आणि ती स्वतः डोळ्यांच्या उपचारासाठी नगरला जाते. पण नेवाशाची बातमी गावात आधीच पोचली होती. आल्यावर माझे केस विंचरायची. अण्णांचं ती काही सांगायची नाही, मीही विचारायची नाही.

माझ्या शेजारच्या कॉटवर अंजाबाई होत्या. पाथर्डीकडच्या, ऊसतोडीच्या टोळीतल्या, पन्नाशीच्या आसपासच्या. रुंद हाडापेराच्या आणि हनुवटीवर राठ केस. एके दिवशी त्यांनी माझी चादर ओढली आणि म्हणाल्या, "तुला दोऱ्यानं केस काढता येत्यात ना? मग माझी दाढी काढ की."

मला कळेना त्यांना हे कुणी सांगितलं. सांगणारी मीच होते. आले त्या दिवशी मी अख्ख्या वॉर्डाला ओरडून सांगितलं होतं की माझं पुण्यात मोठं पार्लर आहे आणि सगळ्यांचं फुकटात करून देईन. बायकांनी ते लक्षात ठेवलं होतं. प्रत्यक्षात मी हे काम कॉलेजच्या होस्टेलमध्ये एका मैत्रिणीला करताना बघितलं होतं, तेवढंच. मी चादर परत ओढून घेतली. पण अंजाबाई रोज विचारायच्या. इतर बायकाही विचारायला लागल्या. पार्लरवाली कधी उठणार?

शेवटी मी खरं सांगितलं. म्हणाले, मी खोटं बोलले होते, माझं पार्लर नाही, मला काही येत नाही. त्या दिवशी मला वाटलं, आता या बायकासुद्धा थुंकतील माझ्यावर.

अंजाबाई म्हणाल्या, "न्हाई येत तर शीक. मी कुठं पळून चाल्लेय?"

थोरात सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून दोरा आणला. दोरा वॉर्डात राहू द्यायचा नाही, म्हणून काम होईस्तोवर त्या शेजारी स्टूल टाकून बसत आणि झालं की आपल्या खिशात घालून नेत. गोळ्यांनी माझे हात थरथरत होते. पहिल्याच ओढीत अंजाबाईंची कातडी चिमटली आणि रक्ताचा थेंब आला. मी दोरा टाकून दिला. त्यांनी तो उचलून परत माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. हळूहळू पीळ बसायला लागला. आरसा नव्हता म्हणून त्या हनुवटीवरून तळहात फिरवून बघत आणि मान डोलवत.

एकदा असंच काम चाललेलं असताना मी न राहवून त्यांना नेवाशाचं सगळं सांगितलं. टोपीचं, हसण्याचं. मुक्याचं तेवढं सांगितलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी तर फडात समद्या टोळीपुढं लुगडं फेडलं हुतं. दीर, भाचे, मुकादम, समदे हुते."

मी विचारलं, मग?

"मग काय? परत नेसले."

एवढंच. त्यांनी धीर दिला नाही की समजूत घातली नाही. हनुवटी पुढं केली आणि डावीकडचं राहिलंय म्हणून दाखवलं.

मी घरी जायला निघाले तेव्हा अंजाबाई तिथंच होत्या. त्यांना न्यायला अजून कुणी आलं नव्हतं. पुढं त्यांचं काय झालं ते मी शोधलं नाही. वॉर्डातल्या कुणाशी ओळख ठेवायची म्हणजे ती वॉर्डातली ओळख, असं वाटायचं. आता वाटतं, निदान एकदा जायला हवं होतं.

घरी सगळं शांत होतं. लग्न मोडलं होतं, साखरपुड्यातल्या वस्तू परत गेल्या होत्या. डी.एड. अर्धवट राहिलं ते राहिलंच. मुलांपुढं उभं राहायचं म्हणजे चाळीस डोळे आपल्याकडे बघणार, ते माझ्यानं झालं नसतं. अण्णा माझ्याशी बोलायचे, पण माझ्या खांद्यापलीकडे बघत. आजही रोज जेवण झाल्यावर ते आईला विचारतात, "तिनं घेतली का?" गोळीबद्दल. मी समोर बसलेली असते. त्यांची मी माफी मागायला हवी होती. पण माफी मागायची तर ते हसू पुन्हा दोघांच्या मधे आणून ठेवावं लागेल, या भीतीनं राहून गेलंय.

वर्षभरानं मी नगरला पार्लरचा क्लास केला आणि घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची टाकली. सुरुवातीला आल्या त्या बघायला आल्या. एक शेजारीण सोबतीला सासूला घेऊन आली आणि सासू दारातच बसून राहिली, माझ्या हाताकडे बघत. एकीनं केस कापायला सांगितलं आणि मी कात्री उचलली तशी म्हणाली, नको, आज राहू दे, वारा फार सुटलाय. मी हसून साजरं करायचे आणि आत जाऊन कान गार पाण्यानं धुवायचे. माझी लाज चेहऱ्यावर दिसत नाही, कानांना चढते. तरी त्या पुन्हा आल्या. कारण माझा हात हलका आहे. थरथरत्या हातांनी दोऱ्याला पीळ द्यायला शिकलेली बाई स्थिर हातानं काम करते तेव्हा गिऱ्हाइकाला दुखत नाही. याचा मला थोडा अभिमान आहे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी दारात हिराकाकू उभ्या राहिल्या.

मी त्यांना लगेच ओळखलं. केस पांढरे झालेले, जरा वाकलेल्या. आत दोन गिऱ्हाइकं होती. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि बाकावर बसल्या. मी हातातलं काम कसं संपवलं ठाऊक नाही. त्या दोघींपैकी एक उठेना, तिला गप्पा मारायच्या होत्या. तिनं काकूंना विचारलं, तुम्हाला काय करायचंय? काकू गडबडल्या आणि म्हणाल्या, "ह्ये... भवया."

जन्मात कधी भुवयांना हात न लावलेली ती बाई माझ्या खुर्चीत बसली. मी पावडर लावली, कातडी कशी धरायची ते दाखवलं आणि दोरा दातात घेतला. अगदी कडेचे चार केस काढले, उगाच. पहिल्या ओढीलाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना. गप्पिष्ट बाई कंटाळून गेली, तरी त्या डोळे मिटूनच होत्या. तसंच, कातडी ताणून धरलेली असताना, त्या म्हणाल्या, "वैशाली, तिथं मारत्यात का गं?"

त्यांची धाकटी सून, कोमल, बाळंत झाल्यापासून झोपत नव्हती. बाळाला जवळ घेत नव्हती. म्हणत होती, हे माझं नाही, बदललंय. दोन बुवा झाले होते, अंगारे झाले होते. गावातल्या डॉक्टरांनी नगरला न्यायला सांगितलं होतं आणि घरात कुणाची हिंमत होत नव्हती. काकू कुणालाही न सांगता आल्या होत्या, जशी मी एकदा त्यांच्याकडे गेले होते.

मी म्हणाले, मारत नाहीत. मला पहिल्या दिवशी बांधलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी विचारलं की मी पुरती बरी झाले का. मी म्हणाले, गोळी अजून चालू आहे, बहुतेक कायमची. मला वाटलं, आता बोलायलाच हवं.

"काकू, त्या दिवशी मी तुमच्याकडं..."

"त्ये ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मला पोरीचं सांग."

विसर म्हणाल्या नाहीत. मनावर घेऊ नको असंही म्हणाल्या नाहीत. बाजूला ठेवलं, बस.

दोन दिवसांनी मला घ्यायला आलेल्या त्यांच्या जीपमधून आम्ही कोमलला नगरला नेलं. माझी यायची तयारी नव्हती, पण काकूंनी फोनवर एवढंच म्हटलं की तुला वाट माहीत हाय. कोमल माझ्या आणि काकूंच्या मधे बसली होती, विशीतली पोर, ओठ फुटलेले, सारखी मागं वळून बघत होती. जीप तिचा नवरा चालवत होता. त्या दिवशी अंगणात जमलेल्या पोरांत तोही होता, हे नगरच्या अलीकडचा विळद घाट येईस्तोवर माझ्या लक्षातच आलं नाही. त्यानंच आरशातून माझ्याकडे बघत सांगितलं की ताई, तुम्ही मला बाळकृष्ण दिला होता. सहज सांगितलं, ओळख द्यावी तसं. माझे कान पेटले. काकूंनी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं.

वॉर्ड तोच. कॉट नवीन होत्या, थोरात सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. आयानं कोमलची ओढणी मागितली तेव्हा तिनं ती घट्ट धरून ठेवली. मी पुढं होऊन माझ्या गळ्यातली ओढणी काढली आणि आयाच्या हातात दिली. मग कोमलनं तिची दिली. मी हे काही ठरवून केलं नव्हतं. परत निघताना आयानं माझी मला दिली, पण तेवढा वेळ मी त्या वॉर्डात पुन्हा बिनओढणीची उभी होते आणि मला वाटत होतं की आता मला कुणी खाली जाऊ देणार नाही.

खाली आवारात काकू बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "तुझा बाप तुला घिऊन गेला तवा आमी दार लावून घेतलं. म्या देवापुढं साखर ठिवली. म्हनलं, सुटलो." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या जागी मीही साखर ठेवली असती. त्या दिवशी त्या बाकावर आम्ही दोघीही शरमलेल्या होतो, आणि एकमेकींच्या एवढ्या जवळ पूर्वी कधी आलो नव्हतो.

कोमल बरी झाली. तिला माझ्याइतका वेळ लागला नाही. बाळ तिचंच आहे हे तिला पटलं. दिसायला तिच्यासारखंच आहे, कान तर हुबेहूब. बाळाच्या जावळाला काकूंनी मला बोलावलं. मी हो म्हटलं, साडी काढून ठेवली आणि त्या दिवशी दुकानात गर्दी आहे असं कळवलं. गर्दी नव्हती. त्या अंगणात पाय ठेवायचं धाडस माझ्याच्यानं अजून झालेलं नाही. काकूंनी पेढे पाठवून दिले.

कोमल मात्र महिन्या दोन महिन्यांनी माझ्याकडे येते. पोराला घेऊन येते, भुवया करून घेते, गप्पा मारते. तिचं बोलणं मोठ्यानं. दवाखान्यात होते तेव्हा असं झालं, तसं झालं, हे ती माहेरच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगते. मी डोळ्यांनी खुणावते, तिला खुणा कळत नाहीत, किंवा कळत असतील.

माझ्या गोळीचं रक्तातलं प्रमाण अधूनमधून तपासून घ्यावं लागतं. परवा नवरात्राच्या आधी दुकान भरलेलं होतं. सरांच्या मिसेस खुर्चीत होत्या, बाकावर तिघी-चौघी. कोमल दारातून चप्पल काढता काढताच म्हणाली, "ताई, तुमची रक्ताची तपासणी झाली का? मला बी डॉक्टरांना भेटायचंय, संगंच जाऊ."

कसली तपासणी आणि कुठले डॉक्टर, हे तिथल्या प्रत्येकीला कळलं होतं. माझ्या दातात दोरा होता. तो तसाच धरून मान डोलावता आली असती. आजवर मी तेच केलं असतं. मी तो काढला.

"गुरुवारी जायचंय," मी म्हणाले. "सकाळच्या गाडीनं नगरला."

कान तापले, चांगलेच तापले. बाकावरच्या एकीनं पाय सरकवून कोमलला जागा दिली. सरांच्या मिसेसनी डोळे उघडले नाहीत, कातडी ताणून धरलेली बोटंही हलवली नाहीत. म्हणाल्या, उजवीकडची अजून राहिलीय.